भांड्यावर कोरलेलं नाव कुणाचं? रत्नागिरीच्या प्रवासात जुन्या वस्तू शोधण्याची मजा

रत्नागिरीहून परतणाऱ्या पर्यटकाच्या पिशवीत काय असतं? हापूस, काजू, फणसपोळी, कोकम. पण काहींची पावलं भांड्यांच्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्याकडेही वळतात. तिथे मोडीत आलेली भांडी रचलेली असतात. काळवंडलेलं तपेलं उचलून उलटं केलं, की कडेवर एखादं नाव दिसतं, कधी गावाचं नाव, कधी लग्नाचं साल. नव्या वस्तूंच्या दुकानात ही मजा मिळत नाही.

रत्नागिरीत जुना बाजार आहे का?

मुंबईच्या चोरबाजारासारखी नावाजलेली गल्ली रत्नागिरीत नाही. इथल्या जुन्या वस्तू भंगारवाला, मोड घेणारे भांड्यांचे दुकानदार आणि जुनं घर पाडताना लाकूड विकत घेणारे व्यापारी यांच्या हातून फिरतात. पूर्वी यात बोहारीणही होती. जुन्या साड्या घेऊन बदल्यात भांडं देणारी ही बाई म्हणजे चालतंफिरतं सेकंडहँड दुकानच.

कोकणात या वस्तू बाहेर का येतात, याचं उत्तर घरांमध्ये आहे. मुलं मुंबई-पुण्याला गेली, गावचं घर वर्षभर बंद. गणपती आणि शिमग्यालाच कुलूप निघतं. मग कधीतरी चिरेबंदी घर पाडून स्लॅबचं घर होतं आणि फणसाच्या लाकडाचा पेटारा, पितळी घंगाळ, तांब्याचा बंब, लामणदिवा, पायली-शेराची मापं एकदम नकोशी होतात. मोडीत ती किलोवर जातात. तीच समई जुन्या वस्तूंच्या दुकानात नगावर विकली जाते. भाव बदलतो, पण ती कोणत्या घरातली होती ही माहिती वाटेतच गळून पडते.

रत्नागिरीत हे राजाच्या बाबतीतही घडलंय. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्याच वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. पेन्शन पुरत नसल्याने सोबत आणलेले दागिने त्याला विकावे लागले. 1916 मध्ये तो इथेच वारला. त्याचा राजवाडा आज उभा आहे आणि आत संग्रहालय आहे.

खरेदीच्या आधी नजर तयार करायची असेल, तर हा राजवाडा आणि गणपतीपुळ्याचं ‘प्राचीन कोकण’ हे खुलं संग्रहालय आधी बघावं. कोणती वस्तू कशासाठी वापरत, हे कळलं की बाजारात ती ओळखता येते.

वाटेवरचे मोठे बाजार

कोकण रेल्वेने आलेल्यांना रत्नागिरीच्या दोन्ही टोकांना मोठे बाजार सापडतात.

मुंबई: भेंडी बाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवरचा चोरबाजार. आधी गलक्यामुळे ‘शोर बाजार’ म्हणत आणि इंग्रजांच्या उच्चारात त्याचा ‘चोर’ झाला, असं सांगितलं जातं. सिनेमाची जुनी पोस्टर्स, दिवे, घड्याळं इथे मिळतात. शुक्रवारी दुकानं बंद असतात, त्या दिवशी रस्त्यावरचा बाजार भरतो.

गोवा: हणजुणचा बुधवारचा बाजार. 1970 च्या दशकात हिप्पींनी परतीच्या प्रवासाच्या पैशांसाठी आपल्या वस्तू विकायला सुरुवात केली, त्यातून तो वाढला. आता तिथे नवा मालच जास्त दिसतो. पावसाळ्यात तो बंद असतो.

पुणेमार्गे येणाऱ्यांसाठी मंगळवार पेठेतला जुना बाजार आहे. त्याचे वार बुधवार आणि रविवार.

अशा बाजारांना ‘फ्ली मार्केट’ का म्हणतात? पॅरिसच्या वेशीवरच्या जुन्या सामानाच्या बाजाराला फ्रेंचमध्ये ‘पिसवांचा बाजार’ हे नाव पडलं होतं. जुन्या गाद्या-कपड्यांत पिसवा असायच्याच! तेच नाव इंग्रजीत गेलं.

फसवणूक कशी टाळायची?

नाणी: राम दरबार किंवा हनुमानाचं चित्र असलेलं ‘ईस्ट इंडिया कंपनीचं 1818 चं नाणं’ लाखोंना विकलं जातं, असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात. कंपनीने चलनासाठी अशी नाणी काढलेलीच नाहीत.

ग्रामोफोन: चकचकीत पितळी कर्णा आणि जुन्या कंपनीचं लेबल दिसलं, तरी आतली यंत्रणा पाहावी. जुने-नवे भाग जोडून केलेले नग सर्रास विकले जातात.

लाकूड: वस्तूचा तळ आणि मागची बाजू पाहावी. वाळवीची भोकं आणि ताजा रंग तिथे लपत नाहीत.

भांडी: पितळी भांड्यात स्वयंपाक करायचा असेल, तर आधी कल्हई लावून घ्यावी. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो नसेल तर कोकम-चिंचेची आमटी कळकते आणि पोटाला बाधते.

कायदा काय सांगतो?

1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार 100 वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. पुरावशेष विकणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाला जुनी मूर्ती भेट देण्याआधी हे लक्षात ठेवावं. हस्तिदंत, वाघनखं, रानटी प्राण्यांची शिंगं मात्र कितीही जुनी सांगितली तरी घेऊ नयेत. वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो.

किंमत विचारण्याआधी एक प्रश्न

घासाघीस जुन्या बाजारात चालतेच. पण त्याआधी “ही वस्तू कुठल्या गावची?” एवढं विचारावं. विक्रेत्याला ठाऊक असेल, तर ते लिहून ठेवावं. आणि गावचं घर मोकळं करणाऱ्यांनी भांडी मोडीत देण्याआधी त्यांवरच्या नावांचे फोटो काढून घरातल्या मोठ्यांना दाखवावेत. तपेल्यावरचं नाव पणजीचं निघालं, तर ते मोडीत टाकायचं की ठेवायचं, हे ठरवायची वेळ तरी मिळेल.