दुधाचे माप आणि मापणारा

पाणी मिसळलेल्या दुधातून हंस दूध तेवढे वेगळे घेतो, हा कविसंकेत संस्कृत वाङ्मयात फार जुना. ‘नीरक्षीरविवेक’ हा शब्द मराठीने तेथूनच उचलला आणि समीक्षकांच्या स्वाधीन केला. मूळ प्रश्न मात्र बाजारातला होय. दुधात पाणी किती आणि त्यावरची साय आधीच किती निघाली, हे घेणाऱ्यास कळावे कसे? दुग्धव्यवसायाच्या संग्रहालयात फिरणारा प्रेक्षक लाकडी रव्या, लोण्याचे साचे व दुधाचे कॅन पाहण्यात रमतो. या प्रश्नाचे उत्तर ज्या लांब मानेच्या काचेच्या बाटलीने दिले, तिच्यापाशी तो क्वचितच थांबतो.

प्रश्नाची जाण कौटिल्यासही होती. अर्थशास्त्रातील गोऽध्यक्षाच्या प्रकरणात गाईच्या एक द्रोण दुधास एक प्रस्थ, म्हणजे सोळावा हिस्सा, तूप धरले आहे. म्हशीच्या दुधास त्याहून पंचमांश अधिक. पण हे ठोकताळे सांगून झाल्यावर तो ग्रंथ पुढे म्हणतो की, सर्वांच्या बाबतीत मंथन हेच प्रमाण मानावे. दुधाचे मोल त्यातील स्निग्धांशावर ठरते आणि तो प्रत्यक्ष काढून पाहावा, हे तत्त्व येथे स्पष्ट आहे. अडचण एवढीच की, प्रत्येकाचे दूध रोज निराळे घुसळणे कोणत्याही व्यापारास परवडणारे नव्हे.

ही अडचण अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात तीव्रतेने जाणवली. गव्हाने जमिनी निकस झाल्यावर तेथील शेतकरी गाईंकडे वळला. या पालटाचा मोठा पुरस्कर्ता विल्यम डेम्प्स्टर होअर्ड. फोर्ट ॲटकिन्सन या त्याच्या गावी त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. लोण्याचे व चीजचे कारखाने दूध वजनावर घेत. साहजिकच पाणी घालणारा फायद्यात राही आणि सकस दुधाच्या गाई पाळणारा तोट्यात. लॅक्टोमीटरचाही पुरता भरवसा नसे, कारण साय काढली की दूध जड होते आणि मग बेताने पाणी घातले की काटा पुन्हा मूळ अंकावर येतो. दोन लबाड्या मिळून एक प्रामाणिकपणा सिद्ध होई!

विस्कॉन्सिन विद्यापीठातील रसायनज्ञ स्टीफन बॅबकॉक याने 1890 मध्ये यावर तोड काढली. ठराविक दुधात गंधकाम्ल घालावे, म्हणजे स्निग्धांशाखेरीज इतर घटक विरघळतात. बाटली यंत्रात गरगर फिरवावी, गरम पाणी ओतावे, आणि बाटलीच्या मानेत चढलेल्या पिवळ्या थराची उंची वाचावी. मंथनच ते, पण काही मिनिटांचे. बॅबकॉकने त्याचे पेटंट घेतले नाही. याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये गेर्बरने सिद्ध केलेली पद्धत पुढे भारतात अधिक रुळली.

तथापि केवळ उपकरणाने न्याय होत नाही. ते कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे लागते. मुंबईच्या दूधयोजनेसाठी 1945 पासून खेडा जिल्ह्यातून दूध येऊ लागले, तेव्हा खरेदीचा मक्ता पोल्सन या खाजगी डेअरीकडे होता. वाढीव किमतीचा वाटा शेतकऱ्यापर्यंत पोचेना. जानेवारी 1946 मध्ये समरखा येथील सभेत ठराव होऊन दूध रोखले गेले, आणि त्याच वर्षीच्या 14 डिसेंबरला त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखालील जिल्हा संघ नोंदला गेला. या चळवळीचा इतिहास सांगताना भुकटीच्या कारखान्याचे वर्णन सविस्तर होते. त्याच्या तोलाची गोष्ट अशी की, तपासणीची काचनळी गावच्या संस्थेत आली आणि सभासदाच्या दुधाचा दर त्याच्याच गावात ठरू लागला.

भाषेने या घटनेची नोंद आपल्या रीतीने ठेवली आहे. ‘स्निग्धांश’ हा घडवलेला शब्द पुस्तकात राहिला. महाराष्ट्रातील गोठ्यात ‘फॅट लागते’ आणि लॅक्टोमीटरच्या अंकाला ‘डिग्री’ म्हणतात. ‘लागणे’ हे क्रियापद येथे लक्षणीय आहे. विहिरीला पाणी लागते, झाडाला फळ लागते, तशी दुधाला फॅट लागते. मोजणाऱ्याचा त्या वाक्यात मागमूस नाही. गाईच्या दुधाचा दर आज साडेतीन फॅट व साडेआठ एसएनएफ या प्रमाणावर बांधलेला आहे आणि काचनळीची जागा बव्हंशी विजेच्या मापकाने घेतली आहे. नळीतील पिवळा थर उत्पादकास स्वतःच्या डोळ्यांनी दिसे. मापकाच्या पडद्यावर त्याला केवळ आकडा दिसतो. ‘फॅट लागली नाही’ असे सांगितले गेल्यावर ती कोणी लावली नाही, हा संशय संकलनकेंद्रावर आजही ऐकू येतो.