रोमन पुरावस्तूंचा संग्रह

प्राचीन रोमन काच, मृत्पात्रे व ब्राँझच्या वस्तू जमवण्याचा छंद. फुंकनळीने काच फुगवण्याचे तंत्र इ. स. पू. पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाईन भागात निघाले आणि काचेची कुपी सामान्यांच्या घरी पोहोचली. म्हणूनच अशा कुप्या आजही पुष्कळ मिळतात. मातीत शतके काढलेल्या काचेला पापुद्रे सुटून मोरपिशी झळाळी येते. ती घासून काढणे म्हणजे वस्तूची नासाडीच. ब्राँझवर फिकट हिरवी भुकटी दिसल्यास क्षरण चालू आहे असे समजावे. वस्तू कोठून, कशी आली हे सर्वांत महत्त्वाचे. सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा ने-आण रोखण्यासाठीच्या १९७० च्या युनेस्को करारानंतर तर कागदपत्रांविना खरेदी टाळावीच. सापडण्याचे ठिकाण ठाऊक असले की वस्तूचा अर्थ कळतो: कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ब्राँझमूर्ती सातवाहनकालीन वस्तीत मिळाली, म्हणूनच ती पश्चिमेशी चाललेल्या व्यापाराचा पुरावा ठरते.