रानकांद्याला नावं किती?

उन्हाळ्यात उघड्या माळावर, एकही पान नसताना, जमिनीतून सरळ वर आलेला मातकट फुलांचा दांडा तुम्ही पाहिला असेल. तोच रानकांदा. कुठे त्याला कोलकांदाही म्हणतात. पाऊस पडला की फुलं दिसत नाहीत, तेव्हा लांब पट्ट्यांसारखी पानं येतात. या लपंडावानं अभ्यासकांना फार दमवलं. त्याचाच इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

कोलकात्याच्या कंपनी बागेचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याला नाव दिलं 'सिल्ला इंडिका'. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ साली छापला गेला. १८४३ मध्ये जर्मनीच्या कुंथ यांनी त्याला सिल्लातून काढून 'अर्जिनिया' गटात घातलं. पुढे १९७७ मध्ये जेसप यांनी त्याला 'ड्रिमिया' गटात नेलं. पाकळ्या सुट्या की बुडाशी जुळलेल्या, एवढ्यावरून हे दोन गट वेगळे ठेवणं त्यांना पटलं नाही. झाड तेच, नावं मात्र तीन!

असं का झालं? फुलं आणि पानं एका वेळी हाती लागत नाहीत. कागदात दाबून वाळवला की रसाळ कांदा चपटा होतो आणि फुलांचा रंग उडतो. म्हणून अभ्यासकांनी कांदे कुंडीत लावून वर्षभर पाहिले, पेशींमधली गुणसूत्रं मोजली. एकाच रानकांद्यात ती कुठे २०, कुठे ३०, कुठे ४० निघाली. म्हणजे जरा वेगळं दिसलं की लगेच नवी जात, असं नसतं. पण खरोखर नव्या जातीही मिळाल्या. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी मॅक्कॅन यांनी १९२८ मध्ये अशीच एक जात जगापुढे मांडली.

मैत्रिणींनो, ही ओळख आपल्याही कामाची आहे. रानकांद्यात हृदयावर परिणाम करणारं विष असतं. कांद्यासारखा दिसतो म्हणून चाखू नका, कुणाला औषध म्हणून देऊ नका. मुलांनाही सांगा. आणि ओळख पटल्याशिवाय कुठलाही रानातला कंद उपटू नका. साध्या कांद्यासोबत एखादी दुर्मीळ जातही खणली जाते.

त्यापेक्षा गटाच्या वहीत लिहून ठेवा: फूल कोणत्या महिन्यात आलं, पानं कधी आली, गावात त्याला काय म्हणतात. बाहेरून आलेल्या अभ्यासकाला फूल दिसतं किंवा पान दिसतं. बारा महिने माळावर जाता-येता दोन्ही बघणाऱ्या आपणच.