लोकोपयोगी सेवांचे नियमन आणि वकिली व्यवसाय

वीज, पाणीपुरवठा, इंधनवायू, दूरध्वनी, नागरी वाहतूक इ. सेवांचे दर, दर्जा आणि पुरवठ्याच्या अटी ठरविणाऱ्या नियामक यंत्रणेपुढे पक्षकारांची बाजू मांडणाऱ्या विधिज्ञांची शाखा. या सेवांना लोकोपयोगी सेवा म्हणतात. त्या पुरविण्यासाठी तारा, नळ वा रूळ यांचे जाळे उभारावे लागते. एकाच वस्तीत दोन जाळी टाकणे सामान्यतः परवडत नसल्याने अशा व्यवसायात मक्तेदारी स्वाभाविकपणे निर्माण होते. इतर बाजारांत ग्राहकाला दुकान बदलता येते, येथे ते शक्य नसते. म्हणून दराची वाजवी मर्यादा स्पर्धेऐवजी कायद्याने ठरवावी लागते. ही मर्यादा कोणी, कोणत्या पुराव्यावर आणि कोणाचे म्हणणे ऐकून ठरवावी, या प्रश्नांतून विधिव्यवसायाची ही शाखा वाढली. महाराष्ट्रात तिचा विकास प्रामुख्याने विजेच्या संदर्भात झाला.

पाश्चात्त्य पूर्वपीठिका : अमेरिकेतील इलिनॉय राज्याने धान्यकोठारांच्या भाड्यावर कमाल मर्यादा घातली असता ‘मन विरुद्ध इलिनॉय’ (१८७७) या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. जो व्यवसाय लोकहिताशी निगडित होतो, तो लोकांच्या नियंत्रणालाही पात्र होतो, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. ‘स्मिथ विरुद्ध एम्स’ (१८९८) या रेल्वेदरांच्या खटल्यात कंपनीला तिच्या मालमत्तेच्या न्याय्य मूल्यावर न्याय्य परतावा मिळाला पाहिजे, असा निर्णय झाला. मालमत्तेचे मूल्य कसे मोजावे, यावर त्यानंतर अनेक दशके वाद चालू राहिले. अखेर ‘होप नॅचरल गॅस’ प्रकरणात (१९४४) न्यायालयाने मोजणीच्या पद्धतीपेक्षा दराचा अंतिम परिणाम न्याय्य आहे की नाही, हे पाहण्याची भूमिका घेतली. लुई ब्रँडाइस (१८५६–१९४१) यांनी बॉस्टनमधील इंधनवायूच्या प्रश्नात ग्राहकांच्या बाजूने घातलेले लक्ष या संदर्भात उल्लेखनीय आहे. वायूचा दर उतरेल त्या प्रमाणातच कंपनीला अधिक लाभांश वाटता यावा, अशी योजना १९०६ मध्ये तेथे स्वीकारली गेली. वकिलाने हिशेब, अभियांत्रिकी आणि कायदा यांची सांगड घालावी, ही या शाखेची परंपरा तेथपासूनची आहे.

ब्रिटिश अंमलातील मुंबई इलाखा : भारतात १९०३ व त्यानंतर १९१० च्या विद्युत् अधिनियमाने अनुज्ञप्तीची (परवान्याची) पद्धत आणली. मुंबईत ७ ऑगस्ट १९०५ रोजी नगरपालिका व कंपन्या यांच्यात झालेल्या करारातून वीजपुरवठा व ट्राम यांची एकत्र व्यवस्था झाली. त्यानुसार स्थापन झालेला उपक्रम ७ ऑगस्ट १९४७ रोजी महानगरपालिकेने विकत घेतला. तोच पुढे ‘बेस्ट’ म्हणून प्रसिद्ध झाला. अनुज्ञप्तीचा मसुदा करणे, तीतील कमाल दर व मुदत ठरविणे आणि खरेदीच्या कलमाचा अर्थ लावणे, एवढेच त्या काळी या क्षेत्रातील वकिलाचे काम असे. सामान्य ग्राहकाला दराविषयी दाद मागण्यासाठी वेगळे व्यासपीठ नव्हते.

वीजनिर्मितीची झळ ज्यांना लागली, त्यांची स्थिती याहून बिकट होती. टाटा समूहाच्या जलविद्युत् योजनेसाठी मुळशी खोऱ्यातील जमिनी संपादन करण्यात आल्या, तेव्हा १९२१ मध्ये मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. भूसंपादन अधिनियम, १८९४ अन्वये न्यायालयापुढे मुख्यतः नुकसानभरपाईचा प्रश्न नेता येई. प्रकल्प हवा की नको, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नसे. त्यामुळे हा लढा न्यायालयाबाहेरच लढला गेला.

स्वातंत्र्यकाळातील पायाभरणी : भारतीय वीजधोरणाच्या घडणीत मुंबई इलाख्यात वकिली केलेल्या दोन नेत्यांचा वाटा मोठा आहे. १९२३ पासून मुंबईत वकिली करणारे डॉ. भीमराव आंबेडकर (१८९१–१९५६) हे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकामे व विद्युत्शक्ती यांविषयीच्या धोरण-समितीपुढे बोलताना त्यांनी विजेची मालकी खाजगी असावी की सरकारी, हा प्रश्न चर्चेस घेतला आणि स्वस्त व विपुल वीज हा औद्योगिकीकरणाचा पाया असल्याचे प्रतिपादन केले. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. पुण्यात वकिली केलेले नरहर विष्णु तथा काकासाहेब गाडगीळ (१८९६–१९६६) हे स्वतंत्र भारताचे बांधकाम, खाणी व वीजमंत्री झाले. त्यांनी संविधान सभेत पुरस्कारलेले विधेयक विद्युत् (पुरवठा) अधिनियम, १९४८ या रूपाने संमत झाले.

या अधिनियमाने राज्य वीज मंडळांची तरतूद केली. खाजगी अनुज्ञप्तिधारकांचा भांडवली पाया आणि त्यावरील वाजवी परतावा कसा काढावा, हे त्याच्या सहाव्या अनुसूचीत नमूद होते. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ २० जून १९६० रोजी अस्तित्वात आले. मंडळ शासनाचेच असल्याने ते लोकहित पाहील, अशी त्यामागील धारणा होती. परिणामी वीज पुरविणारा आणि दर ठरविणारा एकच झाला. दर ठरविण्यापूर्वी ग्राहकांची सुनावणी घेण्याचे बंधन मंडळावर नव्हते. न्यायालयेही दरनिश्चितीत सहसा हस्तक्षेप करीत नसत. केरळ राज्य वीज मंडळाच्या १९८६ मधील प्रकरणात मंडळाने वाजवी शिल्लक राखून दर वाढविणे सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविले. या काळात वकिलाचे काम बहुधा बिलांचे वाद, वीजचोरीचे आरोप आणि कंत्राटे यांपुरते मर्यादित राहिले.

दाभोळ प्रकरण : ही व्यवस्था अपुरी असल्याचे एन्रॉन कंपनीच्या दाभोळ (ता. गुहागर, जि. रत्नागिरी) प्रकल्पाने स्पष्ट केले. जून १९९२ मध्ये सामंजस्य करार आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. मंडळाने वीज घेतली नाही, तरी स्थिर आकार द्यावा लागेल, अशी त्यात तरतूद होती. किमतीचा मोठा भाग डॉलरच्या विनिमय-दराशी बांधलेला होता. राज्य शासनाच्या हमीच्या मागे केंद्र शासनाची प्रतिहमी होती. ऑगस्ट १९९५ मध्ये राज्य शासनाने प्रकल्प रद्द केला, कंपनीने लंडनमध्ये लवादाची कार्यवाही सुरू केली आणि १९९६ मध्ये फेरवाटाघाटींनंतर प्रकल्प पुन्हा मान्य झाला. त्याविरुद्धची लोकहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळली. १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज मिळू लागली आणि २००१ मध्ये दराच्या वादातून प्रकल्प बंद पडला. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००१ मध्ये कराराचे परीक्षण केले. वाद लवादाकडे न्यावा की राज्याच्या नियामक आयोगाकडे, हा प्रश्नही उच्च न्यायालयात गेला. करारावर सही होण्यापूर्वी त्यातील खर्चाची उघड तपासणी करणारे अधिकृत व्यासपीठ नव्हते आणि सही झाल्यानंतर न्यायालयाची कक्षा अरुंद ठरली, हा या प्रकरणाचा विधिविषयक धडा होय.

आयोगाची स्थापना : १९९८ च्या केंद्रीय अधिनियमानुसार महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोग ५ ऑगस्ट १९९९ रोजी स्थापन झाला. त्याचा पहिला दरविषयक आदेश मे २००० मध्ये निघाला. दरवाढीचा प्रस्ताव प्रसिद्ध करणे, हरकती मागविणे, जाहीर सुनावणी घेणे आणि कारणांसह आदेश देणे ही पद्धत त्यामुळे रूढ झाली. या छाननीत शेतीपंपांच्या वीजवापराचे अंदाज तपासले गेले. मंडळ पूर्वी सांगत असे त्याहून पारेषण व वितरण यांतील हानी बरीच अधिक, म्हणजे ३०% हून जास्त, असल्याचे उघड झाले. पुण्याची ‘प्रयास’ ही संस्था, मुंबई ग्राहक पंचायत आणि उद्योजकांच्या काही संघटना यांना आयोगाने ग्राहकांचे प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. सर्वोच्च न्यायालयानेही पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात (२००२) दरनिश्चितीच्या वेळी आपले म्हणणे मांडण्याचा ग्राहकांचा हक्क मान्य केला.

विद्युत् अधिनियम, २००३ नंतर : हा अधिनियम १० जून २००३ पासून अमलात आला. राज्य मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी स्वतंत्र कंपन्या झाल्या. वादांसाठी पायऱ्यांची रचना ठरली. ग्राहकाची तक्रार प्रथम गाऱ्हाणे निवारण मंचाकडे व तेथून विद्युत् लोकपालाकडे जाते. दर व अनुज्ञप्ती यांविषयीचे वाद आयोगाकडे, त्यावरील अपील नवी दिल्ली येथील अपीलीय न्यायाधिकरणाकडे आणि महत्त्वाच्या विधिप्रश्नावर पुढील अपील सर्वोच्च न्यायालयाकडे जाते. या रचनेमुळे नियामक वकिली हा पूर्ण वेळ करण्याजोगा स्वतंत्र व्यवसाय बनला.

या व्यवसायात साक्षीदारांच्या उलटतपासणीपेक्षा हिशेबाच्या तक्त्यांना महत्त्व असते. कंपनीची वार्षिक महसुली गरज, भांडवली खर्च, इंधनाचा दर, वितरण-हानी, एका वर्गाकडून जादा दर घेऊन दुसऱ्या वर्गाला दिलेली सवलत यांचा अभ्यास वकिलाला करावा लागतो. त्यासाठी अभियंते व लेखापाल यांच्याबरोबर काम करणे आवश्यक ठरते. जुने दस्तऐवजही कामी येतात. मुंबईत किरकोळ ग्राहकांना वीज पुरविण्याचा टाटा पॉवर कंपनीचा अधिकार रिलायन्स एनर्जीने नाकारला, तेव्हा १९०७ पासूनच्या अनुज्ञप्तींचा अर्थ लावावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये टाटा पॉवरच्या बाजूने निर्णय दिला आणि शहराच्या बऱ्याच भागांत ग्राहकाला पुरवठादार निवडणे शक्य झाले. शंभर वर्षांपूर्वीच्या मसुद्यातील शब्दांवर आजच्या ग्राहकाचा हक्क कसा अवलंबून असतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

औद्योगिक पट्ट्यातील स्वरूप : पिंपरी–चिंचवड ते चाकण या पट्ट्यात या शाखेचे व्यावहारिक रूप दिसते. पुणे–नाशिक महामार्गावरील कुरुळी (ता. खेड, जि. पुणे) हे अशा गावांपैकी एक. मोठ्या वाहन कारखान्यांभोवती त्यांना सुटे भाग पुरविणारे लहान उद्योग या परिसरात वाढले. २००६ मध्ये पुणे परिसरात भारनियमन टाळण्यासाठी उद्योगांनी टंचाईच्या वेळी स्वतःचे जनित्रसंच चालवावेत आणि त्याचा वाढीव खर्च स्थानिक ग्राहकांकडून विश्वासार्हता आकाराच्या रूपाने घ्यावा, ही योजना आयोगाने सुनावणीअंती मान्य केली. ‘पुणे प्रारूप’ म्हणून ती ओळखली जाते.

मोठ्या कारखान्याला १ मेगावॉटहून अधिक वीज लागत असल्यास मुक्त प्रवेशाच्या तरतुदीने बाहेरून वीज घेता येते व त्यासाठी तो तज्ज्ञ वकील नेमू शकतो. लहान कारखानदाराचे प्रश्न निराळे असतात : करारातील मागणी ओलांडल्याचा दंड, वर्गवारीत बदल करून मागील काळासाठी केलेली आकारणी, अनधिकृत वापराचा ठपका. अनधिकृत वापराबद्दल अधिनियमाच्या कलम १२६ खाली केलेली आकारणी दुप्पट दराने होते आणि तीवर अपील करण्यापूर्वी निम्मी रक्कम भरावी लागते. हे प्रकरण गाऱ्हाणे निवारण मंचाच्या कक्षेत येत नाही. नोटीस हाती पडताच ती कोणत्या कलमाखालची आहे, हे ओळखणे म्हणूनच निर्णायक ठरते. चुकीच्या दारात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

मूल्यमापन : आयोगांना न्यायदानासारखे अधिकार असल्याने त्यांत विधिज्ञ सदस्य असणे अनिवार्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गुजरात राज्याच्या प्रकरणात एप्रिल २०१८ मध्ये दिला. दूरसंचार (१९९७), महाराष्ट्रातील जलसंपत्ती (२००५) आणि नैसर्गिक वायू (२००६) यांसाठीही नियामक संस्थांचे कायदे झाल्याने या शाखेचा विस्तार झाला आहे.

तथापि पक्षकारांतील विषमता कायम आहे. वितरण कंपनीचा विधिविषयक खर्च तिच्या प्रशासकीय खर्चात धरला जातो आणि आयोगाने मान्य केलेल्या मर्यादेत तो दरांतून वसूल होतो; म्हणजे कंपनीच्या वकिलाचे शुल्कही अखेरीस ग्राहकच देतो. स्वतःच्या वकिलाचे शुल्क मात्र त्याला वेगळे द्यावे लागते. शेतीपंपधारक व घरगुती ग्राहक यांची बाजू त्यामुळे प्रायः स्वयंसेवी संस्थांवर अवलंबून राहते. जाहीर सुनावणीचा हक्क कायद्याने मिळाला. परंतु हजारो आकड्यांचा प्रस्ताव वाचून त्यावर साधार हरकत घेणारा जाणकार ग्राहकाच्या बाजूला उभा राहिला, तरच तो हक्क फलदायी होतो. ग्राहकांच्या प्रतिनिधित्वासाठी स्थिर व स्वतंत्र निधीची तरतूद करणे आणि विधी महाविद्यालयांत दरनिश्चितीचे अर्थशास्त्र शिकविणे हे या दृष्टीने आवश्यक उपाय होत.