बाहुली विस्फारणारे औषध आणि सीबोल्ड प्रकरण : एका ज्ञानविनिमयाचा पुनर्विचार

प्रस्तावना

डोळ्यांच्या सविस्तर तपासणीपूर्वी औषधाचे थेंब घालून बाहुली विस्फारित करणे ही आज नेत्रचिकित्सेतील नित्याची बाब झाली आहे. साधारणतः अर्ध्या तासात बाहुली मोठी होते, भिंगामागील दृष्टिपटल वैद्याला नीट न्याहाळता येते आणि काही तासांत डोळा पूर्ववत होतो. तेवढा वेळ जवळचे अक्षर अस्पष्ट दिसते, उजेड सहन होत नाही. रुग्णाची तक्रार असलीच तर एवढीच असते. या थेंबांना दोन शतकांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्या इतिहासातील एका प्रकरणात, या औषधाची वनस्पती कोणती एवढे जाणून घेण्यासाठी जपानमधील एका राजवैद्याला आपले पद आणि स्वातंत्र्य गमवावे लागले.

हे प्रकरण सामान्यतः 'पाश्चात्त्य विद्येने पौर्वात्यांना दिलेली देणगी' अशा स्वरूपात सांगितले जाते. घटनांचा क्रम काळजीपूर्वक पाहिल्यास हे चित्र अपुरे ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

युरोपातील पार्श्वभूमी

बेलाडोना ही युरोपात आढळणारी विषारी वनस्पती आहे. वांगे, बटाटा, तंबाखू आणि आपल्याकडील धोत्रा ज्या सोलॅनेसी कुलात मोडतात, त्याच कुलातील ती आहे. लिनीअस याने १७५३ मध्ये तिला 'अॅट्रोपा बेलाडोना' हे शास्त्रीय नाव दिले. ग्रीक पुराणकथांत आयुष्याचा धागा कापणारी जी दैवता आहे, तिचे नाव अॅट्रोपोस. तर इटालियन भाषेत 'बेलाडोना' म्हणजे सुंदर स्त्री. डोळे टपोरे दिसावेत म्हणून इटलीतील स्त्रिया हिचा रस डोळ्यांत घालीत, असे परंपरेने सांगितले जाते. मृत्यू आणि सौंदर्य ही दोन्ही या एकाच नावात एकत्र आली आहेत.

या गुणधर्माचा नेत्रचिकित्सेत हेतुपूर्वक वापर करण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे जर्मन वैद्य कार्ल हिम्ली याला दिले जाते. बेलाडोना आणि खुरासानी ओवा या वनस्पतींच्या अर्काने बाहुली विस्फारते व त्याचा डोळ्याच्या तपासणीस आणि शस्त्रक्रियेस उपयोग होतो, हे त्याने १८०० च्या सुमारास मांडले. पुढे १८१९ मध्ये येना येथे फ्रीडलीब रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाने मांजराच्या डोळ्यावरील हा परिणाम कवी गटे याला प्रत्यक्ष दाखविला. रुंगेचा उद्देश चिकित्सेचा नसून विषाची ओळख पटविण्याचा होता. गटेने प्रसन्न होऊन त्याला कॉफीच्या बिया दिल्या आणि त्यांतून रुंगेने कॅफीन वेगळे केले, ही हकीकत रसायनशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. त्या काळी वैद्याजवळ असे तो वनस्पतीचा कच्चा अर्क. बेलाडोनातील मुख्य अल्कलॉइड अॅट्रोपीन शुद्ध स्वरूपात १८३१ ते १८३३ या काळात मिळाले. दृष्टिपटल पाहण्याचे हेल्महोल्ट्झचे नेत्रदर्शक यंत्र तर १८५१ मध्ये पुढे आले. त्यामुळे १८२६ मध्ये बाहुली विस्फारण्याचा मुख्य लाभ होता तो मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेस. बाहुली आकुंचित असताना तिच्यामागील गढूळ भिंग दिसण्यास व त्यापर्यंत पोहोचण्यास फारच थोडी वाट मिळते. ती विस्तारली म्हणजे शस्त्रवैद्याचा हात निर्धास्त होतो.

एदो येथील भेट

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तोकुगावा राजवटीने जपानचे दरवाजे बहुतेक पाश्चात्त्यांसाठी बंद केले. युरोपियांपैकी केवळ डच व्यापाऱ्यांना नागासाकीनजीकच्या देजिमा या छोट्या कृत्रिम बेटावर वखार ठेवण्याची मुभा होती. याच अरुंद वाटेने जपानी विद्वानांनी डच भाषेच्या साहाय्याने पाश्चात्त्य विद्या आत्मसात केली. १७७४ मध्ये शरीररचनाशास्त्राचा ग्रंथ जपानीत आला, तर १८१५ मध्ये प्लेंक या ऑस्ट्रियन वैद्याच्या नेत्ररोगविषयक ग्रंथाचे भाषांतर प्रसिद्ध झाले. म्हणजे सीबोल्ड येण्यापूर्वीच जपानमध्ये पाश्चात्त्य नेत्रवैद्यकाचा ग्रंथरूप परिचय झालेला होता. परंतु ग्रंथातील वनस्पतीचे नाव आणि डोंगरात उगवणारी वनस्पती यांची सांगड केवळ ग्रंथावरून घालता येत नाही.

वुर्त्सबुर्ग येथे वैद्यकाचे शिक्षण घेतलेला फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड १८२३ मध्ये देजिमा येथे डच वखारीचा वैद्य म्हणून आला. लवकरच नागासाकीजवळ नारुताकी येथे त्याची शाळा सुरू झाली आणि दूरदूरचे विद्यार्थी तेथे येऊ लागले. वखारीच्या प्रमुखाने ठरावीक काळाने राजधानी एदो येथे जाऊन शोगुनास मुजरा करण्याची प्रथा होती. १८२६ मधील अशा यात्रेत सीबोल्डही होता. एदोतील मुक्कामात त्याने राजवैद्यांसमोर बेलाडोनाच्या अर्काने बाहुली कशी विस्फारते याचे प्रात्यक्षिक केले.

त्या वैद्यांत हाबु गेन्सेकी (१७६२–१८४८) हा अग्रगण्य होता. शोगुन तोकुगावा इएनारी याच्या पदरी असलेला हा नेत्रवैद्य कृत्रिम बाहुली पाडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी ख्यातनाम होता. बाहुलीचा मार्गच बंद झालेल्या डोळ्याला दुसरी वाट करून देणे हे ज्याचे कौशल्य, त्याला या अर्काचे महत्त्व पहिल्याच दर्शनी उमगले असल्यास नवल नाही. थोडे औषध त्याला मिळाले. पण थोड्या औषधाने काम भागणारे नव्हते. ते संपल्यावर पुढे काय? त्याला हवी होती ती वनस्पती.

सीबोल्डने ही माहिती सहजासहजी दिली नाही. अखेर गेन्सेकीने त्याला शोगुनाकडून सन्मानार्थ मिळालेला, तोकुगावा घराण्याचे राजचिन्ह असलेला 'हाओरी' हा अंगरखा दिला. त्या बदल्यात सीबोल्डने सांगितले, की ही वनस्पती जपानमध्येच होते आणि तिचे तेथील नाव 'हाशिरिदोकोरो'.

ज्ञान कोणाचे?

हे उत्तर सीबोल्डला कोठून मिळाले, हा या प्रकरणातील कळीचा प्रश्न आहे. एदोकडे जाताना वाटेत मिया या ठिकाणी ओवारी प्रांतातील वनस्पतिज्ञ मिझुतानी होबुन याची त्याने भेट घेतली होती. मिझुतानीने दाखविलेल्या वनस्पतिचित्रांपैकी हाशिरिदोकोरोच्या चित्रावरून सीबोल्डने ती बेलाडोना असल्याचा निष्कर्ष काढला. म्हणजे एदो येथे एका जपानी वैद्याला अंगरख्याच्या मोबदल्यात दिलेले उत्तर काही दिवसांपूर्वी एका जपानी वनस्पतिज्ञाच्या कागदांतून मिळालेले होते.

खुद्द हाशिरिदोकोरो हे नावही बोलके आहे. 'हाशिरि' म्हणजे धावणे. 'तोकोरो' हा एक कंद. ज्याचा कंदासारखा खोडाचा भाग खाल्ल्याने माणूस भ्रमिष्ट होऊन धावत सुटतो, ती ही वनस्पती. तिचा हा गुण जपानी लोकांनी नावातच नोंदवून ठेवला होता. तिचे विष म्हणून ज्ञान होते, चित्र उपलब्ध होते, शस्त्रक्रियेत निपुण वैद्य होते. नव्हता तो या तिन्हींना जोडणारा दुवा. हा दुवा सीबोल्डने पुरविला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु ते दुवा जोडल्याचे श्रेय आहे, संपूर्ण ज्ञान दिल्याचे नव्हे.

शिवाय वनस्पतिशास्त्राच्या कसोटीवर सीबोल्डचे उत्तर चुकीचे होते. हाशिरिदोकोरो ही बेलाडोना नव्हे. ती स्कोपोलिया या वेगळ्या प्रजातीतील असून आज 'स्कोपोलिया जपोनिका' या नावाने ओळखली जाते. मात्र कुल एकच आणि अल्कलॉइडेही त्याच वर्गातील असल्याने औषध म्हणून ते उत्तर बरोबर ठरले.

प्रकरणाचे परिणाम

एदोतील मुक्कामात सीबोल्डने राजज्योतिषी ताकाहाशी कागेयासु याच्याकडून इनो तादाताका याने केलेल्या जपानच्या नकाशांच्या प्रतीही मिळविण्याची व्यवस्था केली होती. नकाशे परकीयांना देणे हा गंभीर अपराध होता. १८२८ मध्ये हे उघडकीस आले. वादळाने किनाऱ्यावर आपटलेल्या जहाजात नकाशे सापडले, अशी कथा दीर्घकाळ प्रचलित होती. परंतु सीबोल्डने मामिया रिन्झो या शोधप्रवाशास पाठविलेल्या एका पुडक्यावरून संशय बळावला, असे नंतरच्या संशोधकांचे मत आहे. ताकाहाशी १८२९ मध्ये तुरुंगातच मरण पावला. सीबोल्डला त्याच वर्षी हद्दपारीची शिक्षा झाली.

चौकशीत राजचिन्हांकित अंगरख्याची बाबही पुढे आली. गेन्सेकीचे पद काढून घेण्यात आले आणि त्याला बंदिवास भोगावा लागला. त्याच्या वैद्य असलेल्या मुलालाही पद गमवावे लागले. नकाशांचा संबंध देशाच्या संरक्षणाशी होता, हे त्या काळच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. अंगरख्याने मात्र कोणत्याही सीमेला धोका पोहोचत नव्हता. तरीही तो स्वामीचे चिन्ह होता आणि ते परक्याच्या हाती देणे हा स्वामिनिष्ठेचा भंग मानला गेला. रुग्णाविषयीचे कर्तव्य आणि राजसत्तेविषयीचे कर्तव्य यांत गेन्सेकीने पहिले निवडले. तथापि या देवघेवीत सर्वांत मोठी किंमत त्याने मोजली आणि सीबोल्ड आपल्या संग्रहांसह युरोपात परतून कीर्ती मिळवता झाला, ही विषमताही नोंदविली पाहिजे. १८५९ मध्ये सीबोल्ड पुन्हा जपानमध्ये आला, तेव्हा गेन्सेकी हयात नव्हता.

पुढील वाटचाल आणि भारतीय संदर्भ

पुढील काळात अर्काची जागा रसायनांनी घेतली. लाडेनबुर्ग याने १८८० च्या सुमारास होमॅट्रोपीन तयार केले. अॅट्रोपिनाचा परिणाम आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक टिकतो, होमॅट्रोपिनाचा एक ते तीन दिवस. विसाव्या शतकाच्या मध्यास सायक्लोपेंटोलेट व त्यानंतर ट्रॉपिकामाइड आले आणि हा काळ काही तासांवर आला. बाहुली आकुंचित करणाऱ्या स्नायूला अॅसिटिलकोलीन या द्रव्याद्वारे मिळणारा मज्जातंतूंचा संदेश ही औषधे रोखतात, हे विसाव्या शतकातील संशोधनाने स्पष्ट झाले. ज्यांच्या डोळ्यातील द्रव वाहून जाण्याचा कोन अरुंद असतो, त्यांना या थेंबांमुळे काचबिंदूचा तीव्र झटका येण्याचा धोका असतो. म्हणूनच ही औषधे वैद्याच्या सल्ल्यानेच वापरावयाची असतात. विष आणि औषध यांतील अंतर आजही केवळ मात्रा आणि जाणकारी यांचेच आहे.

या संदर्भात आपल्या धोत्र्याचा विचार उद्बोधक ठरतो. महादेवाला वाहिले जाणारे धोत्र्याचे फूल सर्वांच्या परिचयाचे आहे आणि त्या झाडातही याच वर्गातील अल्कलॉइडे असतात. एकोणिसाव्या शतकातील भारतात वाटसरूंना धोत्रा चारून लुटण्याचे प्रकार घडत. नॉर्मन चेव्हर्स याच्या १८५६ च्या न्यायवैद्यक ग्रंथात व मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आय. बी. लायन यांच्या नंतरच्या ग्रंथात या विषाची चर्चा आढळते. संशयित पदार्थाचा अर्क मांजराच्या डोळ्यात घालून बाहुली विस्फारते का हे पाहणे ही त्या काळची मान्य परीक्षा होती. येना येथे जे कुतूहलाचे प्रात्यक्षिक होते आणि एदोत ज्यासाठी राजवस्त्र दिले गेले, तोच गुणधर्म येथे गुन्ह्याचा पुरावा ठरत होता.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की बाहुली विस्फारणाऱ्या औषधाचा जपानमधील प्रवेश ही एकतर्फी देणगी नव्हती. मिझुतानीचे चित्र, सीबोल्डची तुलना आणि गेन्सेकीची गरज यांच्या संयोगातून ते ज्ञान सिद्ध झाले. परंतु इतिहासाने त्या प्रकरणाला नाव दिले ते सीबोल्डचे. शिक्षा ज्याला झाली तो तळटीपेत राहिला आणि ज्याच्या चित्रावरून ओळख पटली त्याचा उल्लेखही क्वचितच होतो. विज्ञानाच्या इतिहासाचे अध्यापन करताना 'हे कोणी शोधले' या प्रश्नाबरोबरच 'ते कोणाच्या नोंदींवरून उमगले' आणि 'त्याची किंमत कोणी मोजली' हे दोन प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे त्यामुळे अगत्याचे वाटते.