एका ‘नव्या पांचशे’चा पाठविचार

पोथ्या, दप्तरें, ताम्रपट आणि नाणीं यांची चर्चा जेथें चालते त्या पृष्ठांवर दोन सिलिंडरांच्या एका इटालियन मोटारीस जागा कां द्यावी, असा प्रश्न वाचकांस पडेल. तो आम्हांसहि पडला होता. ट्यूरिन येथें नोकरीस असलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या चैत्रांत विकाऊ मोटारीचें वर्णन, तिचीं कागदपत्रें व चाळीसएक छायाचित्रें आम्हांकडे धाडलीं आणि लिहिलें कीं, “गुरुजी, मूळ किती आणि मागाहून घातलेलें किती, हें आपण पोथी तपासतां तसें तपासून सांगावें.” आम्हीं त्याला शाळेंत शब्दरूपें घोकविलीं, मोटार शिकविली नाहीं. तथापि छायाचित्रें पाहतां पाहतां असें दिसून आलें कीं, प्रश्न सर्वस्वी आमच्याच शास्त्रांतला आहे.

मोटार फियाट कारखान्याची. नांव ‘नुओव्हा चिंक्वेचेंतो’, म्हणजे ‘नवी पांचशे’. नवी म्हणण्याचें कारण असें कीं, याच कारखान्यानें सन १९३६ मध्यें ‘पांचशे’ नांवाची एक मोटार काढिली होती. तिचें इंजिन पुढच्या बाजूस, चार सिलिंडरांचें, ५६९ घनसेंटीमीटरांचें होतें. लोक तिला ‘तोपोलिनो’, म्हणजे उंदीरमामा म्हणत. मिकी माउसचें इटालियन नांव तेंच. या मोटारीच्या रचनेंत ज्याचा मुख्य हात होता त्या दांते जाकोसा (१९०५–१९९६) या अभियंत्यानेंच पुढें ‘नवी पांचशे’ निर्माण केली. मुंबईकरांस हें नांव परकें वाटेल. परंतु प्रीमियर कारखान्याची फियाट ११००, जी पुढें पद्मिनी म्हणून काळ्यापिवळ्या रंगांत हिंडली आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली, तिचें कूळहि याच जाकोसाच्या कामाशीं जाऊन भिडतें.

‘नवी पांचशे’ ४ जुलै १९५७ रोजीं ट्यूरिन येथें लोकांपुढें आली. महायुद्धानंतरचा इटली स्कूटरवर बसलेला होता. त्यास चार चाकें व डोक्यावर छप्पर स्वस्तांत द्यावयाचें, हा हेतु. लांबी तीन मीटरांहून किंचित् कमी. इंजिन मागच्या बाजूस, दोन सिलिंडरांचें, ४७९ घनसेंटीमीटरांचें, वाऱ्यानें थंड होणारें, शक्ति अवघी १३ अश्वांची. छप्पर कॅनव्हासचें, मागेपर्यंत गुंडाळतां येणारें. त्यानें पत्राहि वांचला. १९५९ मध्यें या रचनेस ‘कोंपासो दोरो’ हा इटलीचा मानाचा पुरस्कार मिळाला, आणि २०१७ मध्यें न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें १९६८ ची एक ‘पांचशे’ आपल्या संग्रहांत घेतली.

आतां आमच्या विषयाकडे वळूं. एकाच ग्रंथाच्या जशा शाखा होतात, तशा या मोटारीच्याहि झाल्या. पहिल्या प्रतींच्या दारांच्या कांचा खालींवर होत नसत. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत कारखान्यानें ही उणीव दूर केली. म्हणजे पहिली सुधारणा खुद्द ग्रंथकर्त्याचीच. १९६० मध्यें ‘डी’ शाखा निघाली व इंजिन ४९९.५ घनसेंटीमीटरांचें झालें. १९६५ च्या ‘एफ्’ शाखेंत दारांच्या बिजागऱ्या मागून पुढें आल्या. तोंवर दार उलटें उघडत असे. १९६८ मध्यें ‘एल्’ निघाली. तिचें अंतरंग जरा श्रीमंती, पुढेंमागें नळीचे जादा दांडे, आणि वाटोळ्या मीटराच्या जागीं लांबट चौकोनी मीटर. शेवटची ‘आर्’ १९७२ ची, इंजिन ५९४ घनसेंटीमीटरांचें. ऑगस्ट १९७५ मध्यें हा वंश संपला. तोंवर अडतीस लाखांहून अधिक प्रती बाहेर पडल्या होत्या. अक्षराच्या वळणावरून आपण पोथीचें शतक सांगतों. येथें बिजागरी कोणीकडे आहे एवढ्यावरून दोन शाखा वेगळ्या करतां येतात.

विद्यार्थ्यानें पाठविलेल्या वर्णनांत असें होतें : ‘पांचशे एफ्, सन १९६७, संपूर्ण जीर्णोद्धार, आधुनिक सुधारणांसह, केवळ ३८,००० किलोमीटर धांवलेली.’ चार विधानें, आणि चारहींचा स्वभाव निराळा.

प्रथम पुष्पिका पाहिली. इटलींत १९२७ पासून मोटारींची सार्वजनिक नोंदवही आहे, आणि तींतून एखाद्या वाहनाचे सारे मालक क्रमानें दाखविणारा उतारा मिळतो. पोथीच्या शेवटीं ‘इदं पुस्तकं अमुकस्य’ असे एकाखालीं एक लेख असतात, त्यांचेंच हें सरकारी रूप होय. या मोटारीचे चार मालक, पहिला १९६७ चा. क्रमांकाची पाटी काळी, ट्यूरिन प्रांताच्या आद्याक्षरांची. काळ्या पाट्या १९८५ पर्यंतच दिल्या जात, आणि त्या काळीं मोटार दुसऱ्या प्रांतांत नोंदली गेली कीं पाटी बदले. अर्थात् मूळ पाटी टिकली हाच मोटार जन्मप्रांतीं राहिल्याचा पुरावा. पुढच्या झांकणाखालीं पेट्रोलची टांकी व जादा चाक असतें. तेथील पत्र्यावर ठोकलेला क्रमांक ‘११० एफ्’ या खुणेनें सुरू होतो व कागदांशीं जुळतो. सन व शाखा या दोन बाबतींत विक्रेता खरा ठरला.

नंतर देह. तळाचा पत्रा नवा घातलेला आहे. या मोटारींचा तळ गंज खातो, त्याला इलाज नाहीं; कसरीनें खाल्लेल्या पानास मागून कागद लावावा तसेंच हें. रंग लाल, तोहि नवा. इंजिन मात्र मुळींच त्या घरचें नव्हे. त्यावरील खूण ‘१२६’ ची. ‘१२६’ ही ‘पांचशे’ची वारस मोटार, ती १९७२ मध्यें आली, आणि प्रस्तुत ६५२ घनसेंटीमीटरांचें इंजिन तीत १९७७ पासून बसूं लागलें. गिअरपेटीहि तिचीच. मूळ ‘पांचशे’च्या गिअरपेटींत दांते आपोआप जुळत नसत, चालकास दोनदां क्लच दाबून व कान देऊन ते जुळवावे लागत. नवी पेटी हें काम स्वतः करिते. पुढच्या चाकांस डिस्क ब्रेक आहेत, जे कोणत्याच ‘पांचशे’स कारखान्यांतून नव्हते. डायनामोच्या जागीं आल्टर्नेटर आहे.

हें सारें ऐकून संग्राहक कपाळाला हात लावील. आमचेंहि प्रथम तसेंच झालें. पण विक्रेत्यानें यांतील एकहि गोष्ट लपविली नव्हती; इंजिन, पेटी, ब्रेक, आल्टर्नेटर, तळ, रंग, सर्वांची यादी कारागिरांच्या पावत्यांसह जोडलेली होती. यादींत नसलेली एकच वस्तु छायाचित्रांत आम्हांस दिसली. चालकासमोरील मीटर लांबट चौकोनी होतें.

१९६७ च्या ‘एफ्’मध्यें तें असूं शकत नाहीं. तें १९६८ च्या ‘एल्’चें. शिवकालीन म्हणून दाखविलेल्या पत्रांत पेशवाईंतील पदवी यावी, असा हा प्रकार. आम्हीं विद्यार्थ्यास लिहिलें कीं, मीटराभोंवतींचें काळें आच्छादन विक्रेत्याच्या परवानगीनें थोडें उचलून पाहावें. त्यानें पाहिलें. आंत ‘एफ्’चा साधा पत्रा होता, फिक्या निळ्या रंगाचा, आणि त्यांत वाटोळ्या मीटराचें जुनें भोंक तसेंच होतें. वरचें अक्षर खरवडल्यावर खालचें दिसावें तसें. मोटारीचा जन्मरंग त्या दिवशीं कळला.

आतां वाचकांनीं चौथें विधान आठवावें. ‘केवळ ३८,००० किलोमीटर’ हा आंकडा त्या लांबट मीटरावरचा होता! तो कोणत्या मोटारीनें तोडलेल्या रस्त्याचा, हें देवासच ठाऊक. विक्रेत्यानें तें बुद्ध्या केलें असें आम्ही म्हणत नाहीं. मीटर मागील मालकाच्या वेळींच बदललें होतें व दिसण्यास बरें म्हणून तसेंच राहूं दिलें, असें तो म्हणाला, आणि त्यावर अविश्वास ठेवण्यास कारण नाहीं. तथापि किंमतीचा मोठा भाग त्या आंकड्यावर उभा होता. मोठें, परकें, उघड सांगितलेलें इंजिन कोणास फसवीत नव्हतें. लहानसें, त्याच घराण्याचें, मुकाट बसलेलें मीटर फसवीत होतें. प्रक्षेपाचा नियम ग्रंथांतहि हाच आहे. भलत्या वृत्तांतला श्लोक आपण तत्काळ ओळखतों. मूळ कवीच्याच शैलींतली ओवी शेंकडों वर्षें पचून जाते.

जीर्णोद्धार हा शब्द विक्रेत्यानें सहज वापरला, पण आपल्याकडे त्यास शास्त्र आहे. अग्निपुराणांत त्याचा स्वतंत्र अध्याय आहे. जीर्ण मूर्तीच्या जागीं जी नवी बसवावयाची ती त्याच द्रव्याची व त्याच मापाची असावी असें तेथें सांगितलें आहे. या कसोटीस तळाचा पत्रा उतरतो, इंजिन उतरत नाहीं. परंतु त्याच विधींत जुनी मूर्ति अग्नीस किंवा जळास अर्पण करावयाची असते. पूजेस तें योग्य; संशोधकास तें परवडणारें नाहीं. देवळाचें काम पूजा चालण्याचें, पोथीचें काम साक्ष देण्याचें. मोटार या दोहोंच्या मध्यें कोठें तरी आहे. तिच्यांत माणसें बसतात, आजच्या वाहत्या रस्त्यावर तिला थांबावें लागतें. चांगले ब्रेक बसविणारास आम्ही पाठभ्रष्ट म्हणणार नाहीं.

पाश्चात्यांनींहि यावर विचार केला आहे. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेनें वास्तूंविषयीं ठरविलें कीं, जेथें तर्क सुरू होतो तेथें जीर्णोद्धारानें थांबावें. तिच्याच वळणावर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघानें, ज्यास फिव्हा म्हणतात, २०१२ मध्यें ट्यूरिनची सनद केली : मूळ द्रव्यास शक्य तितका कमी हात लावावा, आणि जें केलें त्याची नोंद ठेवावी. भांडारकर संस्थेच्या महाभारतांत डॉ. सुखटणकरांनीं (आदिपर्व, १९३३) नेमकें हेंच केलें. प्रक्षिप्त ठरलेले श्लोक त्यांनीं फेंकून दिले नाहींत, तळटीपांत व परिशिष्टांत छापले. उलट उदाहरण आपल्या घरचें आहे. नाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरी शुद्ध केली, शक सांगितला, पुढें कोणी आपली ओवी घालूं नये असेंहि बजाविलें. एवढा प्रामाणिक संपादक विरळा. पण कोणता पाठ टाकून कोणता घेतला, याची यादी त्यांनीं मागें ठेविली नाहीं, आणि म्हणूनच राजवाड्यांस नाथपूर्व प्रतीच्या शोधास लागावें लागलें (त्यांची आवृत्ति १९०९ ची). नाथांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्या काळीं तशी रीतच नव्हती.

येथें एक अडचण सांगितली पाहिजे, नाहीं तर आमचें मत वाजवीपेक्षां सोपें दिसेल. सर्व फेरफार मागाहूनचेच असतात असें नाहीं. कार्लो आबार्थ (१९०८–१९७९) हा ‘पांचशे’स वेगवान् करण्याविषयीं प्रसिद्ध होता. १९६३ मध्यें त्यानें ‘५९५’ काढिली, दुसऱ्या वर्षीं ‘६९५’. तयार मोटारींखेरीज तो फेरफाराचें सामान पेटींत घालूनहि विकीत असे. साधी ‘पांचशे’ घेऊन मालकानें तें बसवावें. अशा मोटारीवरील १९६४ चा फेरफार हा इतिहासच होय, समकालीन टीकाकाराच्या समासांतील लेखासारखा. आज मात्र तींच अक्षरें व विंचवाची मुद्रा कोणत्याहि ‘एफ्’वर चिकटवून किंमत वाढविली जाते. दोहोंतील भेद पत्र्यावरून क्वचितच कळतो; पावती, जुनें छायाचित्र, नोंदवहीचा उतारा यांवरूनच कळतो. वस्तूपेक्षां तिचे कागद बोलके, हा अनुभव वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. आम्हांस एका व्यापाऱ्याकडून एकदां भागवताची सुरेख पोथी मिळाली, पण समास छाटून बांधलेली. समासांतल्या अर्ध्या टीपांबरोबर तिचें निम्में चरित्र कात्रींत गेलें होतें.

विद्यार्थ्यास आम्हीं तीन गोष्टी कळविल्या. किलोमीटरांचा आंकडा विक्रीपत्रांतून काढावा व किंमत त्याप्रमाणें उतरवावी. इंजिनाचा प्रकार नोंदणीच्या कागदांत लिहिलेला असतो. तेथें जुनाच प्रकार राहिला असल्यास तो सरकारांतून दुरुस्त करून घेण्याचा भार कोणावर, हें आधीं ठरवावें. आणि जुनें इंजिन कोठें आहे तें विचारावें.

तिसऱ्या प्रश्नाचें विक्रेत्यास हसूं आलें. इंजिन त्याच्या कोठारांत, द्राक्षांच्या रिकाम्या पेट्यांमागें पडलेलें होतें. भंगारवाल्यानें वेळेवर न आल्यामुळें वांचलेलें. खूण ‘११० एफ्’. फुकट नेण्यास त्याची हरकत नव्हती.

मोटार आमच्या विद्यार्थ्यानें आषाढांत घेतली. नवें इंजिन, पेटी व ब्रेक त्यानें ठेविले आहेत, कारण ट्यूरिनहून डोंगराकडे जातांना ते त्याला लागतात. जुनें इंजिन तळघरांत तेल लावून कापडांत गुंडाळलेलें आहे. सर्व बदलांची यादी, तारखांसह, त्यानें इटालियन व मराठी या दोन भाषांत लिहून कागदांबरोबर ठेविली व एक प्रत आम्हांकडे धाडली. तींत दोन ठिकाणीं ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या, त्या दुरुस्त करून परत पाठविली आहे. वाटोळ्या मीटराचा शोध चालू आहे. तें मिळेपर्यंत चौकोनी मीटराच्या कडेला ‘हें या मोटारीचें नव्हे’ अशी चिठ्ठी लाविलेली आहे.