पोलादी पट्टीत बांधलेला वऱ्हाड

१/ दुरुस्तीच्या गाडीत अवजारांची पेटी हलू नये, म्हणून हल्ली तळाशी खाचांची पोलादी प्लेट बसवतात. पेटी खाचेत अडकते, रस्त्यातले खड्डे सोसते आणि मुक्कामी चटकन सुटते. वर्कशॉपमधल्या या साध्या प्लेटमागचे कोडे वऱ्हाडाला दीडशे वर्षांपूर्वीच पडले होते. ते घातले कापसाने.

२/ कोड्याचे तीन भाग होते. माल वाटेत सुटता कामा नये. त्याने जागा कमी व्यापावी. आणि प्रत्येक नग इतका सारखा असावा की बैलगाडी, रेल्वेचा डबा आणि जहाज या तिन्हींत तो न उघडता चढावा. याचे उत्तर खाचांच्या प्लेटमध्ये आणि पोलादी पट्टीत सापडले.

३/ रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून जात असे. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने अमरावतीहून कलकत्त्याकडे एक लाख बैलांचे ओझे कापूस रवाना केल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. सैल भरलेल्या बोऱ्यांत वाटेवरची धूळ शिरे आणि पाऊसही मुरे.

४/ १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. पाठोपाठ १८७० मध्ये खामगावचा आणि १८७१ मध्ये अमरावतीचा फाटा सुरू झाला. हे दोन्ही फाटे मुख्यतः कापसासाठी होते.

५/ येथे एक आर्थिक पेच उभा राहिला. रुई वजनाला हलकी, पण जागा फार खाते. जहाजाचे भाडे मालाने व्यापलेल्या जागेवर ठरे. म्हणजे सैल रुई पाठवणारा व्यापारी एका अर्थी हवेचे भाडे भरत होता. रुई जितकी दाबावी तितका नफा वाढणार, हे उघड होते.

६/ दाबणे त्या मानाने सोपे. दाबलेले तसेच राखणे अवघड. रुई स्प्रिंगसारखी असते. दाब काढताच ती फुगते. दोराने बांधली तर दोर ताणला जातो आणि गाठ सैलावते. म्हणून दोराच्या जागी आधी लोखंडी आणि पुढे पोलादी पट्टी आली.

७/ आता प्रेसकडे पाहू. जिनात कापसातून सरकी वेगळी होते. उरलेली रुई प्रेसच्या पेटीत भरतात. पाण्याच्या दाबावर चालणारा दट्ट्या तिला एका जड प्लेटवर चेपतो. वरच्या आणि खालच्या, दोन्ही प्लेटांना समांतर खाचा असतात. या रचनेचे मर्म त्या खाचांतच आहे.

८/ दाब पूर्ण असतानाच कामगार त्या खाचांतून पट्ट्या ओवतात आणि टोके एकमेकांत अडकवतात. खाचा नसत्या, तर रुई आणि लोखंड यांच्यामध्ये पट्टी सरकवायला जागाच उरली नसती. दट्ट्या मागे घेतला की गाठ फुगू पाहते, पट्ट्या ताणल्या जातात. म्हणजे गाठीला आवळून धरणारा ताण गाठच निर्माण करते!

९/ यातून एक प्रमाण नग जन्माला आला. सरकारी पीकअहवालांत ‘गाठ’ म्हणजे ४०० पौंड, असे मोजमाप रूढ झाले. आज भारतीय आकडेवारीत गाठ १७० किलोंची धरतात. प्रत्यक्षातली गाठ थोडी कमीजास्त भरे. पण करार, विमा, भाडे आणि सट्टा हे सारे गाठीच्या हिशेबाने बोलू लागले.

१०/ पण बांधलेली वस्तू झाकलेलीही असते. आत ओली रुई आहे की सरकी, की हलक्या जातीची भेसळ, हे बाहेरून कसे कळावे? मुंबई इलाख्यात कापसातील लबाडीविरुद्ध १८६३ सालीच कायदा झाला होता. पुढे १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक बंधनकारक केला. आतला माल दिसत नाही, तेव्हा बांधणाऱ्याचे नाव तरी दिसावे, हा त्यामागचा विचार.

११/ प्रमाण नगाचा उपयोग पाहायचा असेल, तर मूर्तिजापूर आठवा. यवतमाळ आणि अचलपूरकडून येणारी ‘शकुंतला’ अडीच फुटी रुळांवर धावे. मुंबईची मुख्य गाडी साडेपाच फुटी रुळांवर. डबे एका रुळावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नव्हते, गाठी मात्र जाऊ शकत होत्या. हमालांच्या खांद्यावरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात, पट्टी न सोडता. आजचा कंटेनर हेच काम क्रेनच्या आधाराने करतो.

१२/ या व्यवस्थेत शेतकरी कोठे होता? दारासमोर सरकी काढणारा हातरेचा मागे पडला. जिन आणि प्रेस शहरात, भांडवलवाल्यांच्या हाती गेले. कारखानदारांनी आपसांत ‘पूल’ करून दर ठरवले. काही कारखाने तर बंद राहूनही नफ्याचा वाटा घेत. पट्टी आवळली जाण्याच्या आधीच शेतकऱ्याचा मालाशी असलेला संबंध तुटलेला असे.

१३/ मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. रेल्वेने धान्य येऊ शकत होते. ते विकत घेण्याची ऐपत मजुराकडे उरली नव्हती. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली. हिंदुस्थानातील संपन्न कापूसप्रांतांत गणल्या जाणाऱ्या प्रदेशाचा हा आकडा आहे.

१४/ दोष पट्टीचा नव्हे. तंत्राने माल सुरक्षित केला. तो पिकवणाऱ्याला सुरक्षित करणे हे राज्यकर्त्यांचे आणि बाजाराचे काम होते, आणि ते झाले नाही. तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना ‘काय घट्ट बांधले गेले’ याच्याबरोबर ‘कोण मोकळे सुटले’ हेही विचारावे लागते.

१५/ वऱ्हाडातल्या अनेक गावांत जुन्या जिन-प्रेसच्या भिंती अजून उभ्या आहेत. तुमच्या गावातली वास्तू पाहायला गेलात, तर चिमणीचा फोटो जरूर काढा. पण प्रेसची प्लेट शिल्लक असेल तर तिच्या खाचाही नीट पाहा. भंगाराच्या भावाने प्लेट गेली, की या इतिहासाचा सर्वांत बोलका पुरावा तिच्याबरोबरच वितळून जातो.